सी-पॅप सहन होत नाही. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचं साधन करून घ्यावं का? (सांगली)

यार्डातला दिवाणजी

नमस्कार मंडळी. वय ४९, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. मला स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास मध्येच अडकतो. तपासणी होऊन निदान झालेलं आहे, तेव्हा त्याच्या पुढचं विचारतो. सी-पॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या मशीनऐवजी दातांच्या डॉक्टरांनी करून दिलेलं, रात्री तोंडात घालायचं साधन कुणी वापरलंय का? त्यानं श्वास अडकायचा खरंच थांबतो, की नुसतं घोरणं कमी होतं?

घोरणं माझं जुनंच. वडीलही घोरायचे, त्यामुळं घरात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण अलीकडं सौद्याच्या दिवसांत दुपारी पट्ट्या करताना डोळा लागायला लागला. वजन, दर, हमाली, तोलाई सगळं मांडून शेतकऱ्याच्या हातात जो कागद पडतो ती पट्टी. कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा आकडा माझ्या हातून इकडचा तिकडं होऊ नये, याचाच पगार मी घेतो. तिथं झोप येणं मला परवडत नाही. शिवाय सकाळी डोकं जड, रात्री लघवीला उठणं, आणि बीपीच्या दोन गोळ्या चालू असून वरचा आकडा १५० च्या खाली येईना. घरात हिचं म्हणणं असं, की तुम्ही घोरता घोरता मध्येच गप्प होता आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास ओढता. घोरण्याची तिला सवय आहे, त्या गप्प होण्याची तिला भीती वाटते.

छातीच्या डॉक्टरांनी घरीच रात्रभराची स्लीप स्टडी करून घेतली. बोटाला क्लिप, नाकाला बारीक नळी, छातीला पट्टा. रिपोर्टमध्ये एएचआय २२ आला, म्हणजे तासाला सरासरी २२ वेळा श्वास थांबतो किंवा फार उथळ होतो. ऑक्सिजन कमीत कमी ८१ पर्यंत उतरला. उताणं झोपल्यावर जास्त, कुशीवर कमी.

मशीन भाड्यानं आणलं. पहिल्या आठवड्यात डोकं इतकं हलकं झालं, की हा आजार केवढा होता ते तेव्हा कळलं. पण माझं नाक कायम एका बाजूनं चोंदलेलं असतं. हवा तोंडावाटे निसटते, पहाटे मास्क उशाला पडलेला असतो. तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क लावला तर छाती दडपते. पुरवठादार दुसरा मास्क द्यायला टाळाटाळ करतो. आता रात्री जेमतेम तीन तास लागतं.

आणि वारीचं काय करायचं हा मोठा प्रश्न आहे. आषाढीला मी लोणंदपासून माउलींच्या पालखीबरोबर दिंडीत चालतो. ती मी सोडणार नाही. तंबूत दाटीवाटीनं झोपायचं, तिथं मशीन कुठं लावणार?

दाढेचं रूट कॅनाल करायला विश्रामबागेत गेलो होतो. तिथल्या मॅडमनी जिभेच्या कडेला दातांचे ठसे बघितले, दाढा घासलेल्या बघितल्या आणि स्वतःहून विचारलं, "काका, घोरता का? दिवसा झोप येते का?" सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, खालचा जबडा थोडा पुढं धरून ठेवणारं साधन करता येतं, पण छातीच्या डॉक्टरांचं पत्र आणा. आमचे थोरले बंधू म्हणतात, रोग घशाचा, त्यात दातांच्या डॉक्टरांचं काय काम? आणि पुतण्या म्हणतो, तसलंच ऑनलाइन मिळतं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं, आधी ते घेऊन बघा. काय करावं?

दात सगळे जागेवर आहेत, एका दाढेला कॅप. तंबाखू-गुटखा नाही. वजन ८४, उंची पाच फूट सहा इंच.

---

विट्याचा गाडीवाला

दादा, ऑनलाइनचं माझ्या मेहुण्याचं सांगतो. तो द्राक्षं घेऊन रात्रीचा वाशीला जातो. घोरण्यावर बायको वैतागली म्हणून त्यानं तसलं मागवलं. घोरणं निम्म्यावर आलं, घरात सगळे खूश. पण गाडीवर झोप यायची ती येतच राहिली. सातारच्या पुढं, खंबाटकीच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन झोपायचा. मग तपासणी केली तर एएचआय ४० च्या वर. आवाज गेला होता, रोग जागेवर होता. आता तो मशीन लावतो आणि केबिनमध्येही बॅटरीवर चालवतो. तुमच्या पुतण्याला एवढंच सांगा.

---

कोयनाकाठची

भाऊ, आमच्या घरात हे साधन आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी कराडची, मिस्टर हायस्कूलला शिक्षक. त्यांचा एएचआय १८ होता. मशीन त्यांनाही सोसलं नाही. मास्क लावला की बुडाल्यासारखं वाटतं म्हणायचे.

पहिलं म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी लगेच माप घेतलं नाही. यांना मधुमेह आहे आणि हिरड्यांतून रक्त यायचं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की साधन रात्रभर दातांना धरून जबडा ओढणार, हलत्या दातांवर ते बसवणार नाही. म्हणून आधी हिरड्या खोल साफ केल्या, साखर आटोक्यात आणायला सांगितली, एक किडलेली दाढ भरली. त्यात बरेच आठवडे गेले. मला तेव्हा राग आला होता, पण डॉक्टरांचं बरोबर होतं.

मग तोंडाचा स्कॅन. त्यानंतर एक पट्टी दातांत धरायला देऊन खालचा जबडा किती मागं जातो, किती पुढं येतो ते मोजलं. साधन म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन कडक पारदर्शक पट्ट्या, बाजूला बारीक स्क्रू. सुरुवातीला जबडा जेवढा जास्तीत जास्त पुढं येतो त्याच्या साधारण निम्मा पुढं ठेवला. पुढं थोडा थोडा स्क्रू फिरवत न्यायचा. ते काम माझ्याकडं होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये आणि कुठल्या तारखेला फिरवला ते कॅलेंडरवर.

त्रास लपवत नाही. सुरुवातीला उशी लाळेनं भिजायची. सकाळी कानाच्या पुढं, जबड्याच्या सांध्यापाशी दुखायचं. आणि उठल्या उठल्या दाढा एकमेकींवर बसायच्याच नाहीत, पुढचे दात आधी टेकायचे. भाकरी चावता येईना म्हणून ते घाबरले. डॉक्टरांनी सकाळी चावायला एक छोटी पट्टी करून दिली, ती थोडा वेळ चावली की जबडा मागं आपल्या जागेवर येतो. अजूनही रोज करतात. दुखणं थांबलं, लाळ थांबली.

सगळ्यात महत्त्वाचं आता. मी ऐकत होते, घोरणं बंद झालं होतं, श्वास अडकल्याचा आवाज नव्हता. तरी डॉक्टरांनी साधन तोंडात घालून पुन्हा स्लीप स्टडी करायला लावली. पहिल्या वेळी ११ आला. स्क्रू आणखी पुढं नेला, नंतर ६. त्यानंतरच फिजिशियननी बीपीची एक गोळी कमी केली. कानाला जे चांगलं वाटलं ते रिपोर्टमध्ये अर्धवटच होतं, म्हणून ही दुसरी तपासणी कुणी टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

ठेवणी सोपी: गार पाणी, मऊ ब्रश, डबी. गरम पाण्यानं त्याचा आकार बिघडतो. खर्च मशीनपेक्षा कमी आला, पण स्वस्त म्हणावं असा नाही.

---

मिरजेचा दंतवैद्य

दिवाणजी, तुमच्या थोरल्या बंधूंच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ही शंका माझ्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण काढतो.

झोप गाढ झाली की जिभेचे, टाळूचे आणि घशाचे स्नायू सैल पडतात. उताणं झोपलेल्या माणसाची जीभ मागं पडते, पडजिभेचा भाग खाली येतो आणि हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना जी थरथर होते ते घोरणं. वाट १० सेकंद किंवा जास्त बंद झाली की तो ॲप्निया. आता जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला, खालच्या जबड्याच्या हाडाला चिकटलेला असतो. जबडा पुढं आणला की जीभही पुढं येते, आणि घशाच्या बाजूच्या भिंती ताणल्या जाऊन वाट रुंदावते. रोग घशाचा खरा, पण त्या घशाचं दार जबड्याला टांगलेलं आहे. ही कल्पना नवीनही नाही. लहान जबड्याच्या बाळांची जीभ मागं पडून श्वास कोंडतो म्हणून फ्रान्समध्ये पिएर रोबँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबडा पुढं आणणारं साधन केलं होतं. सी-पॅप त्याच्या पुष्कळ नंतरचा, सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी तो १९८१ मध्ये मांडला.

मात्र निदान आमचं काम नव्हे. जिभेवरचे ठसे, घासलेल्या दाढा, अरुंद टाळू, मागं असलेली हनुवटी बघून आम्हाला शंका येते आणि ती आम्ही बोलून दाखवली पाहिजे. एएचआय ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र, हे ठरवायचं स्लीप स्टडीनं आणि त्या विषयाच्या डॉक्टरांनी. तुमच्या मॅडमनी पत्र मागितलं यावरून त्या योग्य पद्धतीनं काम करतात असं दिसतं.

साधन आणि मशीन यांची तुलना सरळ सांगतो. श्वास अडकणं कमी करण्यात मशीन सरस आहे. २०१३ साली सिडनीच्या संशोधकांनी मध्यम आणि तीव्र ॲप्नियाच्या रुग्णांना दोन्ही उपचार एकेक महिना दिले. मशीनवर एएचआय सरासरी ४.५ वर आला, साधनावर ११.१ वर. पण लोकांनी मशीन रात्री सरासरी ५.२ तास लावलं आणि साधन ६.५ तास घातलं. रक्तदाब आणि दिवसाची झोप यांत महिन्याअखेर साधन मशीनच्या मागं पडलं नाही. तुम्ही मशीन तीन तास लावता, म्हणजे उरलेली रात्र तुम्ही उपचाराशिवाय काढता. तिथं साधनाचा विचार करायला जागा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या झोपविकार तज्ज्ञांच्या आणि या विषयातल्या दंतवैद्यांच्या संस्थांनी मिळून ज्या सूचना दिल्या त्यातही हेच आहे: मशीन सोसत नसेल किंवा नको असेल अशा प्रौढांना साधन द्यावं, ते त्याच माणसाच्या मापाचं आणि पुढं-मागं करता येणारं असावं, आणि घातल्यावर पुन्हा तपासणी व्हावी. ऑनलाइनचं साधन यातल्या कुठल्याच कसोटीला उतरत नाही. ते दातांवर नीट धरत नाही, जबडा किती पुढं आला ते कुणी मोजत नाही आणि सांधा दुखावला तर विचारायला कुणी नसतं.

तुमच्या बाजूनं बऱ्याच गोष्टी आहेत. मध्यम आजार, कुशीवर कमी होणारा त्रास, दात शाबूत. विरुद्ध एकच, नाक. नाक चोंदलेलं असेल तर तोंड उघडं पडतं आणि साधनाचाही उपयोग कमी होतो. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कधी कधी नाक मोकळं झाल्यावर जुनं मशीनच सोसायला लागतं, ही शक्यताही मनात ठेवा.

आपल्या भागाचं एक आवर्जून लिहितो, कारण हे मी जवळजवळ रोज बघतो. गुटखा आणि मावा खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटांपुरतंच उघडतं, त्यांचं माप घेणंच कठीण होतं. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या मागं सरकून दात हलतात. पूर्ण कवळी असलेल्यांना हे साधन धरायला आधार नसतो. या सगळ्यांना श्वास अडकतोच, पण आमच्याकडचा हा मार्ग त्यांना बंद झालेला असतो. दात राखणं हे पुढच्या आयुष्यातल्या झोपेसाठीही आहे, असं मी आता रुग्णांना सांगतो.

दीर्घकाळच्या परिणामांबद्दल ताईंनी लिहिलंय त्यात भर: वर्षानुवर्षं वापरल्यावर वरचे पुढचे दात किंचित आत आणि खालचे किंचित बाहेर कलतात. हे सावकाश होतं आणि पुष्कळांच्या लक्षातही येत नाही, पण होतं. सुरू करण्याआधी दातांचे फोटो आणि साचे काढून ठेवायला सांगा आणि तपासणीला जात राहा.

खाजगीत खर्च झेपत नसेल तर सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं आणि कराडला कृष्णाचं, अशी दंत महाविद्यालयं जवळ आहेत. प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कवळी-कॅपच्या विभागात जाऊन हे साधन करतात का ते विचारा.

---

गावभागकर

मी मशीनच्या बाजूनं बोलणार. एएचआय ५८, ऑक्सिजन ७० च्या खाली जायचा. मला दातांच्या डॉक्टरांनीच सांगितलं, तुमच्यासाठी हे पुरणार नाही, मशीनच लावा. त्यांचे मी आभार मानतो.

दिवाणजी, मशीन एवढ्यात परत देऊ नका. नाकाच्या फक्त भोकांना टेकणारा छोटा मास्क मिळतो, छाती दडपणाऱ्यांना तो बरा पडतो. हवा दमट करणारी पाण्याची टाकी जोडली का? नाक कोरडं पडून चोंदणं त्यानं कमी होतं. दिवसा टीव्ही बघताना मास्क लावून बसायची सवय करा. पुरवठादार ऐकत नसेल तर दुसरा शोधा.

विजेची काळजी खरी आहे. २०१९ च्या पुरात गावभागात पाणी शिरलं तेव्हा आम्ही कपडे आणि कागदपत्रांबरोबर मशीनची बॅग घेऊन नातेवाइकांकडं मिरजेला गेलो. त्याआधी वीज नसलेल्या रात्री मी खुर्चीत बसून काढल्या, आडवं व्हायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून घरात इन्व्हर्टर आणि मशीनची वेगळी बॅटरी दोन्ही ठेवतो.

बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. त्या दिवसापासून आमच्या कट्ट्यावर घोरण्यावर हसणं बंद झालं.

---

यार्डातला दिवाणजी

सगळ्यांचे आभार. थोरल्या बंधूंना डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, मलाही एकदा दाखवून घेतलं पाहिजे. ते ६१ वर्षांचे आहेत, तेही घोरतात आणि त्यांची मान माझ्यापेक्षा जाड आहे. त्यांची तपासणी आता माझ्याआधी करणार.

माझं असं ठरलं: नाकाची तपासणी आधी, तोवर गावभागकरांनी सांगितलेला छोटा मास्क दुसऱ्या पुरवठादाराकडून लावून बघायचा, आणि छातीच्या डॉक्टरांचं पत्र घेऊन मॅडमकडं साधनाचं काम सुरू करायचं. पुतण्याला ऑनलाइनचं मागवू दिलं नाही.

दोन शंका उरल्यात. घरी मशीन आणि वारीत साधन असं दोन्ही चालतं का? आणि नव्या साधनानिशी लगेच वारीला गेलं तर चालेल का?

---

मिरजेचा दंतवैद्य

दोन्ही चालतं. घरी मशीन आणि प्रवासात साधन असे रुग्ण माझ्याकडं आहेत. फक्त साधनावरचा एएचआय तपासलेला असावा, नाहीतर वारीतल्या रात्री अंदाजावर जातील.

लगेच नको. जबडा सरावायला आणि स्क्रू योग्य जागी यायला काही आठवडे ते काही महिने लागतात, त्यानंतर तपासणी. आषाढीच्या बऱ्याच आधी काम सुरू करा. स्क्रूची किल्ली वारीत नेऊ नका, तिथं काही फिरवायचं नाही. डबी झाकणाची घ्या, धुवायला प्यायचं पाणी वापरा. तंबूत कुशीवर झोपा, पाठीशी गाठोडं ठेवलं की उताणं व्हायला होत नाही. सकाळी दाढा बसल्याशिवाय चालायला लागू नका, चावायची पट्टी खिशात असू द्या.

बंधूंसाठी: फिजिशियनकडं जाताना वहिनींना बरोबर न्यायला सांगा. झोपेत काय होतं ते त्यांनाच माहीत असतं.

---

कोयनाकाठची

भाऊ, सकाळच्या त्या पट्टीच्या दोन करून घ्या. आमची एक सहलीत हरवली आणि चार दिवस यांनी खिचडीवर काढले.